स्वस्त अंबर लावणाऱ्यांनी बोलायचंच नाही का?

निशिगंधा: काल इथे अत्तरवेडा यांनी लिहिलं, ‘खरं अंबर देवमाशाचं. तीनशेच्या बाटलीत नुसतं व्हॅनिलिन, व्हॅनिलाच्या वासाचं रसायन. ते लावून सुगंधाच्या गप्पा मारू नका.’ डोकंच फिरलं. परफ्यूममधलं अंबर मुळात मिश्रणच असतं: लॅबडेनमची राळ, लोबान, व्हॅनिला. देवमाशाच्या पोटातला अंबरग्रीस वेगळा. व्हॅनिलिन १८७४ पासून कारखान्यात बनतंय. गेर्लेन या फ्रेंच कंपनीच्या १९२५ च्या ‘शालिमार’ परफ्यूममध्ये त्याचाच भाऊबंद, एथिल व्हॅनिलिन, भरपूर आहे. तिथे चालतं, मग माझ्या बाटलीत का नको?

अत्तरवेडा: ‘शालिमार’मध्ये वर बर्गमॉट, लिंबाच्या जातीच्या फळाचा वास, आहे, म्हणून तो गोडवा पेलतो. स्वस्तात नुसता गोडपणा. मे महिन्यात मुंबईत लावा, दुपारपर्यंत डोकं उठतं.

लोकलवाला: स्वतःचं उठू दे हो, शेजारच्याचं काय? बायकोला मायग्रेन आहे. सकाळच्या विरार लोकलमध्ये कुणीतरी असलं गोड काहीतरी फवारून आलं होतं. तिला बोरिवलीलाच उतरावं लागलं. गर्दीत लावूच नये, स्वस्त असो की महाग.

निशिगंधा: आणि घामाचा वास चालतो?

लोकलवाला: घाम कुणी मुद्दाम लावून येत नाही!

दर्यावर्दी: ‘खरं अंबर’ म्हणून भाव वाढवणाऱ्यांनी आमच्याकडच्या बातम्या वाचाव्यात. व्हेलची उलटी, म्हणजे हाच अंबरग्रीस, विकताना ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत माणसं पकडली गेलीत. तो देणारा स्पर्म व्हेल १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. आमच्या वाडीतला एक पोरगा या नादात कोर्टाच्या फेऱ्या मारतोय. हे वेड बंद करा.

अत्तरवेडा: मी उलटी विकत घ्या म्हटलेलं नाही. उगाच माझ्यावर ढकलू नका.

पारखी: मूळ प्रश्नाचं बोला की. दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगून अंबर कळत नाही. मनगटावर लावा, अर्धा तास थांबा. वरचा तिखट अल्कोहोली वास गेला की खरा माल कळतो. ‘टिकत नाही’ म्हणण्याआधी घरच्यांना विचारा, आपलं नाक सरावतं. पांढऱ्या शर्टावर नको, व्हॅनिलिनचे तपकिरी डाग पडतात. आणि लोकलवाले, मोहम्मद अली रोडवरचं तेलातलं अत्तर थेंबभर लावलं तर फवाऱ्याएवढं पसरत नाही.

लोकलवाला: थेंबभर लावणारे भेटले तर भांडणार नाही. भेटत नाहीत.

निशिगंधा: बरं, मी ऑफिसात पोचल्यावरच लावीन. पण ‘गप्पा मारू नका’ हे मागे घ्या.

अत्तरवेडा: तेवढं घेतलं. गोडपणाचं घेत नाही.