मदत हवी आहे: आरएक्स-७ स्लोला थरथरतेय, व्हॅक्यूम १६ वरून ११, इंजिन उघडायचं का?

मंडळी, ऑकलंडहून लिहितोय. इथल्या रोटरीवाल्या (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं इंजिन) पोरांना विचारलं की सगळे ऐकायच्या आधीच सांगतात, इंजिन गेलं, रिबिल्ड कर. म्हणून म्हटलं आपल्या भाषेत नीट लिहावं, कोणीतरी शेवटपर्यंत वाचेल.

गाडी १९८७ ची माझदा आरएक्स-७, एफसी (दुसरी पिढी), जपानहून आलेली, १३बी टर्बो (दोन रोटरचं इंजिन). पोर्ट (हवा आत-बाहेर जायची तोंडं) कंपनीचेच आहेत, ब्रिजपोर्ट (पोर्ट कोरून वाढवणं) वगैरे काही नाही, म्हणजे स्लोला ते अडखळत ब्रॅप ब्रॅप माझ्या गाडीने करायचं काही कारण नाही. आधी गरम झाल्यावर ७५० आरपीएमला इनटेकमधलं व्हॅक्यूम १६ इंच (पाऱ्याचे) मिळायचं. आता ११, सुई सारखी थरथरते, आणि थ्रॉटलचा स्क्रू पिळून ९०० च्या वर ठेवली तरच चालू राहते नाहीतर गचके खाऊन बंद.

तीन आठवड्यांपूर्वी पेट्रोलचा वास यायचा म्हणून वरचा इनटेक मॅनिफोल्ड काढून इंजेक्टरच्या ओ-रिंग बदलल्या, आणि हात घातलाच आहे तर म्हणून व्हॅक्यूमचे जुने पाइप बदलले (वाळक्या शेंगेसारखे कटकन मोडत होते), गॅस्केट नवीन टाकलं, पुढून थोडं ऑइल झिरपत होतं तेही उरकून घेतलं. त्यानंतरच हे सुरू झालं.

आत्तापर्यंत बघितलेलं: मॅनिफोल्डच्या जोडांवर आणि इंजेक्टरच्या बुडाशी कार्ब क्लीनर मारला, आरपीएम हललासुद्धा नाही. ब्रेक बूस्टरपासून सगळे पाइप एकेक करून पकडीने दाबले, तसंच. ऑइल इंजेक्टरचे चेक व्हॉल्व तोंडाने ओढून बघितले, ठीक आहेत (चव विचारू नका). टीपीएस (थ्रॉटल किती उघडा ते सांगणारा सेन्सर) १ किलोओहमला. प्लग चारही नवे, लीडिंग-ट्रेलिंगच्या (प्रत्येक रोटरला दोन प्लग, आधी पेटतो तो लीडिंग, नंतरचा ट्रेलिंग) वायरी तीनदा तपासल्या.

कॉम्प्रेशनला रोटरीचा खास टेस्टर परवडत नाही, म्हणून साधा गेज लावून त्याचा व्हॉल्व उघडा धरला आणि स्टार्टर मारला. दोन्ही रोटरला तीन-तीन झटके (रोटरच्या तीन तोंडांचे), डोळ्यांना तरी सारखेच. एपेक्स सील (रोटरच्या टोकावरची पट्टी) तुटलं असतं तर त्याच्या दोन्ही बाजूंची तोंडं मेली असती, एकच झटका बरा आला असता ना? आणि गरम असताना अर्ध्या सेकंदात स्टार्ट होते, कॉम्प्रेशन गेलेली रोटरी नेमकी तिथेच रडवते.

अजून एक, दहा मिनिटं स्लोला ठेवली की टर्बोच्या बाजूने भाजल्यासारखा वास येतो, आणि सायलेन्सरमधून मधूनच फट्. याचा संबंध आहे का?

प्रतिसाद १: व्हॉल्व क्लिअरन्स बघितलास का? माझ्या झेनला सेम झालं होतं.

धागाकर्ता: अहो दादा, यात तसले व्हॉल्वच नसतात :) रोटर फिरता फिरता स्वतःच पोर्ट उघडतो-मिटतो.

प्रतिसाद २: पुण्यातून. आधी हे की आमच्याकडे उंचीमुळे दीड-दोन इंच असेच कमी दिसतात, तू समुद्राकाठी, त्यामुळे ११ म्हणजे खरंच कमी. पण लीक असती तर एवढं सगळं करून कुठेतरी सापडली असती. तो भाजका वास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. स्पार्क उशिरा पडला की जळणं उशिरा होतं, जोर कमी मिळतो, उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते, मग चालू ठेवायला थ्रॉटल जास्त उघडावा लागतो आणि व्हॅक्यूम पडतं. तू स्क्रू पिळलास तो त्यामुळेच. पुढून ऑइल नक्की कुठून झिरपत होतं?

धागाकर्ता: क्रँक अँगल सेन्सरच्या (स्पार्क कधी पाडायचा ते यावरून ठरतं) बुडातून. काढून ओ-रिंग बदलली. पण काढायच्या आधी मार्करने खूण केली होती, तिथेच बसवलाय.

प्रतिसाद २: खूण बॉडीवर केलीस, खालच्या गिअरचं काय? तो बाहेर आल्यावर मोकळा फिरतो. एक दात चुकला तरी गाडी चालते, बॉडी मात्र बरोबर खुणेवर दिसते. पुलीवरची पिवळी खूण इंजिनवरच्या पिनेसमोर आण, गिअरवरचा ठिपका बॉडीवरच्या रेघेला जुळव, मग आत सरकव. नंतर पुढच्या लीडिंग वायरवर टायमिंग लाइट (स्पार्कबरोबर चमकून खूण दाखवणारा दिवा). पिवळी म्हणजे लीडिंग, टीडीसीनंतर (मिश्रण सर्वात जास्त दाबलं जातं ती जागा) ५ अंश, लाल ट्रेलिंगची, २० अंश. लालवर सेट करू नकोस, बरेच जण करतात.

धागाकर्ता: अपडेट. शनिवारी मित्राची लाइट आणली. पिवळी खूण पिनेजवळ कुठेच दिसेना, सेन्सर पूर्ण फिरवला तरी नाही. बाहेर काढून तू सांगितलंस तसा बसवला, नक्की एक दात चुकला होता. स्क्रू मूळ जागी आणला, ७५० ला साडेपंधरा इंच, सुई स्थिर, भाजका वास बंद. मी तीन आठवडे पाइप चावत बसलो होतो.

सकाळी थंड असताना पहिली दोन मिनिटं आरपीएम वर-खाली होतो तो अजून आहे, थर्मोवॅक्सचा (इंजिन थंड असताना थ्रॉटल थोडा उघडा ठेवणारं मेण) संशय आहे, त्याचा वेगळा धागा काढतो. आणि ऑइल तिथूनच परत झिरपायला लागलंय, ओ-रिंग कुठली घेऊ कोणी सांगेल का?