वॉशिंग्टनचं हिरवं १ सेंटचं टपाल तिकीट, परफोरेशन ११ : साधं की दुर्मिळ, घरी कसं ओळखायचं?

तिकीटवेडा_परभणी
नमस्कार मंडळी. अमेरिकेच्या १९०८ ते १९२२ मधल्या वॉशिंग्टन-फ्रँकलिन मालिकेची बरीच सुटी तिकिटं हाताशी आहेत, बहुतेक शिक्का पडलेली. त्यातली १ सेंटची काही हिरवी तिकिटं चारही बाजूंनी परफोरेशन (कडेची भोकं) ११ भरतात. स्कॉट कॅटलॉगात (तिकिटांची अमेरिकन सूची) अशा चार नोंदी आहेत: ४९८, ५२५, ५४४ आणि ५४५. ४९८ ला किमान किंमत, तर ५४४ हजारो डॉलरचं, आणि चित्र एकच. फरक कसा काढायचा? दोन तिकिटांची एकेक बाजू सपाट आहे, ती कॉइल (गुंडाळीतली तिकिटं) धरायची का? काहींच्या मागं पाकिटाचा कागद आहे, तो सोडवू का?

गोदाकाठ_नांदेड
रंगावर जाऊ नका, शंभर वर्षांत तो उडतो, बदलतो. सगळा निकाल चित्राच्या मापात आहे. चित्र म्हणजे छापील चौकट. पांढरी कड मोजायची नाही.

४९८ सपाट प्लेटवर छापलेलं, चित्र साधारण १८.५ ते १९ मिमी रुंद आणि २२ मिमी उंच. रोटरी यंत्रासाठी प्लेट वाकवून सिलिंडरवर बसवायचे, त्यामुळे ज्या दिशेनं वाक दिला त्या दिशेनं चित्र ताणलं जायचं. ५४४ मध्ये ताण उभा आहे: १९ बाय २२.५ मिमी. ५४५ मध्ये आडवा: १९.५ ते २० बाय २२. अर्धा मिमी शाळेच्या पट्टीवर कळत नाही, म्हणून हे करा.

परफोरेशन १२ असलेलं १ सेंटचं वॉशिंग्टन घ्या, फाटकं चालेल. ते सपाट प्लेटचंच असतं. ते बरोबर चौकटीच्या रेघेवर चारही बाजूंनी कापा. हा झाला तुमचा साचा. संशयित तिकिटावर तो ठेवून वरचा डावा कोपरा तंतोतंत जुळवा आणि दहापट भिंगातून बघा. खालून हिरवी रेघ डोकावली तर उंची जास्त, उजवीकडून डोकावली तर रुंदी जास्त. कुठूनच नाही डोकावली तर ४९८ किंवा ५२५. ५२५ ऑफसेट छपाईचं (रबरी रुळावरून शाई कागदावर उतरवणारी) आहे: शाई कागदावर सपाट बसलेली, हिरव्यात राखाडी झाक. बाकी तिघांच्या कोरीव छपाईत तिरप्या उजेडात शाईचे उंचवटे दिसतात.

मागची बाजूही बघा. सपाट प्लेटचे ओले ताव एकावर एक रचले जायचे, म्हणून पाठीवर बऱ्याचदा हिरवे ठिपके असतात. रोटरीची पाठ सहसा स्वच्छ.

शिक्का_जालना
गोदाकाठभाऊंच्या मापाला एक जोड. उंची २२.५ भरली तरी लगेच ५४४ म्हणू नका. ५४२ चं चित्रही उभं ताणलेलं आहे, पण त्याला वर-खाली १० आणि बाजूंना ११ परफोरेशन. वर-खाली कातरून नवी भोकं पाडली की नकली ५४४ तयार. म्हणून चारही बाजू स्वतंत्र मोजा आणि तिकिटाची एकूण उंचीही बघा; कातरलेलं तिकीट आखूड पडतं. परफोरेशन म्हणजे २ सेंमीत किती भोकं. गेज (भोकं मोजायची पट्टी) विकतचा घ्या. घरी छापलेला प्रिंटरच्या स्केलिंगमुळे चुकतो आणि १० चं ११ दिसतं.

वॉटरमार्कही (कागदातच उमटवलेली अक्षरं) तपासा. परफोरेशन ११ च्या या चारही तिकिटांना वॉटरमार्क नाही. अक्षराचा तुकडा जरी दिसला तरी भोकं नंतर पाडलेली आहेत. काळ्या बशीत तिकीट उपडं ठेवून वॉटरमार्क फ्लुइडचे दोन थेंब टाका, असेल तर अक्षर गडद उमटतं. हे द्रव पटकन पेट घेतं. गॅस, निरांजन, उदबत्ती जवळ नको, खिडक्या उघड्या ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्यात ते बघता बघता उडून जातं, सकाळी गार वेळेत करा. फोटोग्राव्ह्युअरनं छापलेली तिकिटं यात घालू नका, शाई सुटू शकते.

सपाट बाजूचं म्हणाल तर एकच बाजू सपाट असेल तर कॉइल नाही. त्या काळी ४०० तिकिटांचा ताव मधोमध कापून १०० चे चार भाग करायचे, त्या कापावरच्या तिकिटांना एक किंवा लगतच्या दोन बाजू सपाट येतात. कॉइलच्या समोरासमोरच्या बाजू सपाट आणि समांतर असतात. तशीही बनवतात, परफोरेशन छाटून. म्हणून महाग कॉइल एकेकटं घेऊच नका, जोडीच घ्या.

अल्बम_लातूर
कागद सोडवायचा तर कोमट पाण्यात १५-२० मिनिटं. तिकीट आपोआप सुटू द्या, ओढू नका. बोअरचं पाणी टाळा, क्षारांचा पांढरा थर बसतो. फिल्टरचं किंवा पावसाचं घ्या. लाल-गुलाबी पाकिटाचे तुकडे वेगळ्या भांड्यात. अख्खं पाकीट असेल तर हात लावू नका, तारखेचा शिक्का आणि पत्ता मिळून त्याची किंमत असते.

कोरी, गोंद असलेली तिकिटं पावसाळ्यात जपतोच आपण, पण मराठवाड्यात खरा घात एप्रिल-मेमध्ये कूलर करतो. बाहेर कोरडं आणि खोलीत दमट हवा, गोंद पानाला चिकटतो. कूलरच्या खोलीत अल्बम नको. तो उभा ठेवा, पानांत ग्लासिन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद), कपाटात सिलिका जेल. चिकट पानांचे फोटो अल्बम आणि मऊ पीव्हीसीची पाकिटं अजिबात नकोत.

तिकीटवेडा_परभणी
साचा केला. एका तिकिटाला उजवीकडून जवळपास १ मिमी रेघ डोकावते, खालून नाही. परफोरेशन चारही बाजूंनी ११, वॉटरमार्क नाही.

गोदाकाठ_नांदेड
मग ते ५४५ दिसतंय. कॉइलसाठी छापलेला उरलेला कागद वाया जाऊ नये म्हणून १९२१ मध्ये तावांत कापून ११ नं भोकं पाडली, तेच हे. ५४४ नव्हे, पण ४९८ पेक्षा किती तरी वरचं. १२०० डीपीआयवर पुढून-मागून स्कॅन करा, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. मोबाइलच्या फोटोत माप वाकतं. इथं टाका, आम्ही बघतो. विकायचं असेल तर न्यूयॉर्कच्या फिलाटेलिक फाउंडेशनचं किंवा अमेरिकन फिलाटेलिक सोसायटीचं प्रमाणपत्र लागेल. शुल्क आणि जाण्या-येण्याचा रजिस्टर खर्च आधी विचारून घ्या. शिक्का जड असेल, परफोरेशन चित्रात घुसलं असेल तर तो खर्च निघणार नाही.