विमान थांबवायचंच असेल तर जमिनीवर थांबवा

रानवाट:
२०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने मुंबई विमानतळाला गर्दीच्या वेळी तासाला ४६ ऐवजी ४४ आणि एरवी ४४ ऐवजी ४२ विमानांचीच ये-जा ठेवायला सांगितलं. कारण, विमानं शहरावर ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालत होती. ४० मिनिटांच्या घिरट्यांत सरासरी १.७ किलोलीटर इंधन, म्हणजे सुमारे १.८ लाख रुपये जळतात, हा सरकारचाच हिशोब. मुंबईत जागा नाही हे ठाऊक असताना दिल्लीहून विमान सोडायचंच कशाला? इंजिन बंद ठेवून तिथेच बसवा. ठरावीक वेळेलाच उडायची परवानगी देण्याची पद्धत आपल्याकडे आहे, ती कडकपणे वापरा.

जुना_नियंत्रक:
असहमत. माझी नोकरी रडारसमोर गेली, म्हणून सविस्तर लिहितो.
विमानं घिरट्या घालत थांबवणं, म्हणजे होल्डिंग, ही विमानांची उतरंड. एकाच ठिकाणावर, एकावर एक, प्रत्येकात हजार फुटांचं अंतर. लंबगोल फेरा, वळणं सहसा उजवीकडे, १४,००० फुटांपर्यंत सरळ बाजू एक मिनिटाची. फेरा साधारण चार मिनिटांत पुरा होतो. फरक एवढाच, की घरातल्या उतरंडीत वरचं मडकं आधी निघतं, इथे तळाचं. ते धावपट्टीकडे वळलं आणि त्याने उंची सोडल्याचं कळलं, की मगच वरच्याला खाली घ्यायचं, मग त्याच्या वरच्याला. प्रत्येक वैमानिकाला त्याची अंदाजे वेळही सांगायची.
मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. तासाला ४६ म्हणजे दर ७८ सेकंदांना एक विमान. जुलैत सर येते, वीस मिनिटं काही दिसत नाही, मग अचानक उघडतं. तेव्हा सगळी विमानं दिल्लीत बसलेली असली तर उतरवू कुणाला? वाया गेलेली जागा परत मिळत नाही. डोक्यावर दोन-तीन विमानं लागतातच.

ठाणेकर:
काका, दोन-तीन ठीक. पण आकाशातल्या रांगेत प्रत्येकाची टाकी रिकामी होत असते. २५ जानेवारी १९९० ला बोगोटाहून मेडेयीनमार्गे न्यूयॉर्कला येणाऱ्या आव्हियांका ५२ ला तीन वेळा मिळून १ तास १७ मिनिटं थांबवलं. वैमानिकांनी ‘प्राधान्य द्या’ म्हटलं, इंधन संपत आल्याचंही सांगितलं, पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारला नाही. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला, इंधन संपलं आणि विमान लाँग आयलंडवर कोसळलं. १५८ पैकी ७३ जण गेले. जमिनीवर थांबलेल्या विमानावर ही वेळ येत नाही.

जुना_नियंत्रक:
त्या अपघाताबद्दल वाचलं की आजही पोटात कालवतं. म्हणून तर आता शब्द पक्के आहेत. ‘मिनिमम फ्यूल’ म्हणजे आणखी उशीर सोसणार नाही, ‘मेडे फ्यूल’ म्हणजे आणीबाणी. पहिल्याने रांगेत पुढचा नंबर मिळत नाही, दुसऱ्याने मिळतो. नव्या वैमानिकांनी हे घोटून पाठ करावं आणि मेडे म्हणताना जराही संकोचू नये.

रानवाट:
७८ सेकंदांचा मुद्दा मान्य, मी तो विचारातच घेतला नव्हता. पण तासभराच्या घिरट्यांचं समर्थन त्यातून होत नाही. लंडनचं हीथ्रो बघा. बोविंग्डन, लॅम्बोर्न, ऑकहॅम, बिगिन अशा चार उतरंडी तिथे वर्षानुवर्षं आहेत. तरी २०१४ पासून ३५० सागरी मैलांवरूनच विमानांचा वेग कमी करवतात, म्हणजे होल्डिंगमधला वेळ घटतो. आपण नागपूरपासूनच वेग का उतरवू नये?

जुना_नियंत्रक:
वेग उतरवा, माझी हरकत नाही. दोन विमानं मात्र माझ्या डोक्यावर ठेवा. पावसाळ्यात तीन.