रविवारी ऑडिशन आणि 'मामा'चा झाला 'बाबा'

गुरुवार

बी-३०३, रात्री ९:१२
नमस्कार मंडळी. जरा मदत हवी आहे. लेकीची रविवारी सकाळी ११ वाजता गाण्याची ऑडिशन आहे. कालपासून सर्दी, आणि आज संध्याकाळी आवाजही घोगरा झालाय. तीन दिवसांत घसा मोकळा होईल असा कुणाचा खात्रीचा उपाय असेल तर सांगा.

ए-१०२ काका, ९:१४
अजिबात काळजी करू नका. वाफ, मिठाच्या गुळण्या, मध, छातीला बाम, पाय गरम पाण्यात. सगळं एकदम सुरू करा, दिवसातून चार वेळा. माझा घसा एका दिवसात सुटला होता.

बी-२०३, ९:१५
तरीच आज वरून काही ऐकू आलं नाही.

बी-२०३, ९:१५
चांगल्या अर्थाने म्हणालो हं.

सी-४०१ ताई, ९:२२
काका, तुम्हाला सभेत बोलायचं होतं, तिला गायचंय. दोन्हीत फरक आहे 🙂
वहिनी, आधी एक बघा. सर्दी नुसती नाकात आहे की गळ्यात उतरलीय? तिला 'मामा' म्हणायला सांगा.

बी-३०३, ९:२५
'बाबा' ऐकू आलं. हे आतून ओरडले, "काय गं?"

ए-१०२ काका, ९:२५
😂😂

सी-४०१ ताई, ९:३१
म्हणजे नाक बंद आहे. त्याची मला फार काळजी नाही. बंद नाकाने गाता येतं, फक्त म आणि न बोथट होतात. आता दुसरी परीक्षा. एखादी सोपी ओळ तार सप्तकात, म्हणजे वरच्या स्वरांत, पण अगदी हळू आवाजात म्हणायला सांगा, बाळ शेजारी झोपलंय अशी. एकदाच. जोर लावायचा नाही. स्वर लगेच लागतो की आधी नुसती हवा येते, ते बघा.

बी-३०३, ९:३८
आधी हवा येते, मग स्वर. मोठ्याने म्हटलं तर मात्र लागतो.

सी-४०१ ताई, ९:४०
तीच तर गोम आहे. मोठ्याने लागतो म्हणून मुलं जोर लावत राहतात. स्वरतंतूंना थोडी सूज आहे. उद्या रियाज बंद.

बी-३०३, ९:४१
बंद?? अहो, अजून दुसरं गाणं पक्कं बसलेलं नाही.

बी-१०१ डॉक्टर, १०:०५
आत्ता घरी आलो, सगळं वाचलं. ताईंचं बरोबर आहे.
साधी सर्दी विषाणूंमुळे होते, ७ ते १० दिवस चालते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त छळते. म्हणजे आज-उद्या त्रास वाढलेला वाटला तर घाबरू नका. रविवार हा पाचवा दिवस. तारीख अगदीच वाईट नाही.
सर्दी तीन दिवसांत घालवण्याचं औषध कुणाकडेच नाही, माझ्याकडेही नाही. तिच्या हातात आहे ते एवढंच, की सुजलेल्या तंतूंवर आणखी मार बसू द्यायचा नाही. ती कुठल्या पट्टीत गाते, म्हणजे तिचा सा पेटीच्या कुठल्या पट्टीवर असतो?

बी-३०३ धाकटी, १०:०७
काळी चार. (काका, मी मौनात आहे, टाईप करतेय.)

बी-१०१ डॉक्टर, १०:१२
शाबास. काळी चारचा तुझा तार षड्ज (वरचा सा) म्हणजे सेकंदाला साधारण ४१५ कंपनं. तेवढ्या वेळा ते दोन तंतू एकमेकांना भिडतात. सूज आली की तंतू जड होतात, म्हणून खालचे स्वर सोपे वाटतात आणि वरचे फाटतात. अशा तंतूंवर उद्या दोन तास रियाज केलास तर रविवारचा आवाज शुक्रवारीच संपेल.

ए-१०२ काका, १०:१४
पण डॉक्टर, गुळण्या आणि मध तरी चालू ठेवायचं ना? घसा धुऊन निघतो.

बी-१०१ डॉक्टर, १०:२१
चालू ठेवा, घशाला बरं वाटतं. रात्री खोकल्याला मधाचा उपयोगही होतो (एक वर्षाखालच्या बाळाला मात्र कधीच देऊ नका, हे ग्रुपवरच्या नव्या आयांसाठी). पण यातलं काहीही स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते, तंतू श्वासाच्या वाटेवर आहेत. मध तिथे पोचला तर ठसका लागेल. पाण्याचंही तेच. स्टेजवर चढताना प्यायलेला घोट तोंड ओलं करतो, तंतूंना त्याचा फायदा पाणी अंगात भिनल्यावर, काही तासांनी. म्हणून आजपासून दिवसभर थोडं थोडं पीत राहायचं.
थेट तिथे पोचते ती फक्त वाफ. पण उकळतं पातेलं मांडीजवळ घेऊन बसू नका, त्या भाजण्याच्या केसेस मी पाहिल्यात. पाण्यात बाम घालू नका. वाफ सोसवेल एवढीच, दहा मिनिटं पुरे.

बी-२०३, १०:२४
आमच्याकडे वाफेचं मशीन आहे. खाली येऊन घेऊन जा. किंवा नको, मीच आणून देतो.

बी-३०३, १०:२५
खूप आभार 🙏

सेक्रेटरी, १०:२६
टाकी साफ करायची असल्याने उद्या १० ते १ पाणी बंद राहील. कृपया नोंद घ्यावी. तसेच हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. (लेकीला शुभेच्छा.)

शुक्रवार

बी-३०३, सकाळी ८:५०
रात्री झोप बरी झाली. नाक मात्र पूर्ण बंद. मैत्रिणीने एक गोळी सांगितली आहे, तिच्या गायक भावाने घेतली होती आणि तासाभरात आवाज खुलला होता म्हणे. देऊ का?

बी-१०१ डॉक्टर, ९:०२
नाव मला वेगळं पाठवा, इथे नको.

बी-१०१ डॉक्टर, ९:१८
नाव पाहिलं. ते स्टेरॉइड आहे. त्याने सूज काही तास दबते, आवाज खुलल्यासारखा वाटतो, आणि माणूस सुजलेल्या तंतूंवर पूर्ण ताकदीने गातो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून स्वरयंत्र बघितल्याशिवाय ही गोळी घ्यायची नाही. घेतली नसेल असं धरतो.
बाकीचंही सांगून टाकतो, नाहीतर दिवसभर एकेक फोन येईल. अँटिबायोटिक नको, विषाणूवर ते चालत नाही. सर्दीच्या ज्या गोळ्यांनी झोप येते त्या नाकासोबत घसाही कोरडा करतात. रात्री एखादी ठीक, रविवारी सकाळी नाही. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल. अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन गाण्याच्या तोंडावर टाळलेलं बरं, त्यांनी रक्त गोठायला वेळ लागतो आणि ताणलेल्या तंतूत रक्तस्राव होण्याची भीती असते. घसा बधिर करणारी चघळायची गोळीही नको. दुखणं कळलं नाही तर थांबायचं कधी हेही कळत नाही.
नाक मिठाच्या पाण्याने धुणार असाल तर पाणी उकळून कोमट केलेलं घ्या, नळाचं थेट नको.

ए-१०२ काका, ९:२०
सेव्ह करून ठेवलं.

बी-३०३ धाकटी, ११:४०
ताई, घरात मी कुजबुजत बोलतेय. चालेल ना?

सी-४०१ ताई, ११:४८
नको गं! कुजबुजताना बहुतेक जण गळा आवळतात. त्यापेक्षा हळू पण साध्या आवाजात दोन शब्द बोल, नाहीतर टाईप कर. आणि सारखं खाकरतेस ना? ते बंद. प्रत्येक खाकरण्याला तंतू एकमेकांवर आदळतात. खाकरावंसं वाटलं की एक घोट पाणी पी किंवा नुसता आवंढा गिळ.
तुझ्या आईचा जीव राहणार नाही, म्हणून हा रियाज देते. पेल्यात दोन बोटं पाणी घे, त्यात स्ट्रॉ बुडव आणि स्ट्रॉमधून 'ऊ' करत बुडबुडे काढ. मंद्र (खालच्या) पंचमापासून मध्य (मधल्या) पंचमापर्यंत, वर नाही. पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. ओठ असे जवळजवळ मिटलेले असले की तंतूंना आपटावं लागत नाही, अलगद भिडतात. दुखलं तर तेही थांबव.
दुसरं गाणं मनात म्हण. तानपुरा लाव, डोळे मीट, हाताने ताल धर, पहिल्या शब्दापासून शेवटच्या समेपर्यंत (तालाच्या पहिल्या मात्रेपर्यंत). कुठे अडतेस ते मनातही बरोबर कळतं. मी स्वतः आजारपणात एक अख्खी बंदिश अशी बसवली आहे.

बी-३०३, दुपारी १२:०५
मनातल्या मनात गायलेलं मला कसं कळणार बरोबर आहे की नाही?

सी-४०१ ताई, १२:०६
तुम्हाला कळायची गरज नाही वहिनी 🙂

बी-२०३, १२:३०
बुडबुड्यांचा आवाज खाली येतोय. चालू द्या. वाटलं टाकीचं पाणी आलं.

शनिवार

बी-३०३, सकाळी १०:१५
आज 'मामा' जवळजवळ मामाच आहे. खोकला सुरू झालाय थोडा. ताई, एकदा, फक्त एकदा पूर्ण गाणं म्हणून बघू दे का? उद्या थेट तिथेच तोंड उघडायचं म्हणजे मला धडकी भरते.

सी-४०१ ताई, १०:३०
संध्याकाळी पाच वाजता मी येते. पेटी मी धरते. एकदाच, आणि अर्ध्या आवाजात.

सी-४०१ ताई, संध्याकाळी ६:१०
ग्रुपला माहितीसाठी, कारण दोन जणांनी लिफ्टमध्ये विचारलं: काळी चार उद्या जमणार नाही. त्याखालच्या पांढरी पाचला वरचा षड्ज लागतो, पण काठावर. आणखी खालच्या काळी तीनला आरामात. मी काळी तीन म्हणाले, ती ऐकत नाहीये.

बी-३०३ धाकटी, ६:१३
सगळे काळी चार, काळी पाचला गाणार. मी काळी तीनला गायले तर आवाज पडलाय असं वाटेल.

सी-४०१ ताई, ६:२०
समोरच्यांना पट्टी ऐकू येत नाही, फाटलेला षड्ज ऐकू येतो. साथीदारांना आज रात्रीच फोन करून पट्टी बदलल्याचं आईला सांगू दे, तबलाही त्या स्वरात लावावा लागेल. आणि दुसऱ्या गाण्यातली शेवटची लांब तान काढ. तिथे मुखडा दोनदा घे.
आणखी एक, तुझे कान दडे बसल्यासारखे झालेत. स्वतःचा आवाज आतून मोठा ऐकू येतो, म्हणून आज तू दोन ठिकाणी सुरातून उतरलीस. उद्या तानपुरा कानाजवळ माग. लाजू नकोस.

ए-१०२ काका, ६:२४
परीक्षकांना आधीच सांगून टाकायचं, "सर्दी झाली आहे, सांभाळून घ्या."

सी-४०१ ताई, ६:२६
काका, मी कधी समोर बसले की दहातली सात मुलं हे सांगतात. त्यानंतर आम्ही गाणं सोडून सर्दीच ऐकत बसतो. आवाज खरंच बसला असता तर मी कालच आयोजकांना फोन करून तारीख बदलते का विचारायला लावलं असतं. जाऊन रडगाणं गायचं नाही.

बी-१०१ डॉक्टर, ९:३०
उद्या उशिरापर्यंत झोपू देऊ नका. आडवं राहिल्यावर सूज वाढलेली असते, उठल्यावर आवाज सुटायला दोन-तीन तास लागतात. गायला सुरुवात केल्यावर मध्येच आवाज एकदम गेला किंवा टोचल्यासारखं दुखलं, तर तिथेच थांबायचं. ऑडिशन पुन्हा देता येते.

रविवार

बी-२०३, दुपारी १:४०
काय झालं?

ए-१०२ काका, २:०५
??

बी-३०३ धाकटी, २:५०
झालं! काळी तीनच घेतली, ताई. पहिलं गाणं नीट. दुसऱ्यात अंतऱ्याला खोकला आला, एक आवर्तन (तालाची एक फेरी) सोडलं, तबलजींनी ठेका धरून ठेवला आणि मी पुढच्या समेला उचललं. सर्दीबद्दल काहीच बोलले नाही. तरी एका बाईंनी शेवटी विचारलं, "रोज कुठल्या पट्टीत गातेस?" मी म्हटलं काळी चार. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. निकाल आठवड्याने.

सी-४०१ ताई, २:५२
समेला उचललंस ना, मग झालं. आता दोन दिवस पुन्हा गप्प.

बी-१०१ डॉक्टर, ३:१०
छान. घोगरेपणा तीन आठवड्यांवर गेला तर मात्र घसा दाखवून घ्यायचा, विसरू नका.

बी-२०३, संध्याकाळी ७:२०
अभिनंदन. वाफेचं मशीन तुमचं काम झालं असेल तर आज मिळेल का? परवा द्यायला वर आलो होतो तेव्हापासून बहुतेक. उद्या ऑफिसात माझं प्रेझेंटेशन आहे आणि बायको म्हणते, मी सकाळपासून मामाला बाबा म्हणतोय.