मदत हवी आहे: माळ्याच्या फणसाच्या फळ्यांचं सात फुटी टीव्ही युनिट

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीजवळच्या आमच्या चिरेबंदी घराचा माळा यंदा उतरवला. फळ्या सगळ्या फणसाच्या. इंचभर जाड, आठ-नऊ इंच रुंद, काही पार आठ फुटी. वरचा काळा थर रंध्याने काढला की आतून मधासारखा रंग निघतो. भाताच्या कणग्या ज्यांनी इतकी वर्षं पेलल्या त्या फळ्या जळाऊ लाकडाच्या भावात देववत नाहीत, म्हणून त्यांचं टीव्ही युनिट करायचं ठरवलंय. सुतारकाम माझा छंद आहे. टेबलं, कपाटं केलीत, पण एवढं लांब आणि आत विजेची उपकरणं असलेलं काही केलेलं नाही.

बेत असा: सांगाडा १८ मिमी बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणाऱ्या) प्लायचा, वरची फळी आणि दारं फणसाची. लांबी ७ फूट, उंची २० इंच, खोली १६ इंच. सोळा अशासाठी की चार फुटी शीटमधून, करवतीची जाडी वजा जाता, जवळपास तेवढ्याच तीन पट्ट्या निघतात. ५५ इंची टीव्ही वर त्याच्या पायांवरच उभा राहील. चिऱ्यात फास्टनर मनासारखा धरत नाही आणि पावसात ती भिंत ओल घेते, तेव्हा भिंतीवर काही टांगायचं नाही. आत एव्ही रिसीव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारा अॅम्प्लिफायर), सेंटर स्पीकर (संवादांसाठीचा मधला), सेट टॉप बॉक्स आणि वडिलांच्या एलपी रेकॉर्ड्स.

अडलंय इथे. सात फुटांत मध्ये किती उभे आधार द्यावेत? मला दोन कप्पेच हवे होते, दिसायला मोकळं वाटतं. फणसाची फळी प्लायवर फेविकॉलने सरळ चिकटवली तर चालेल का? लाकूड इतकं मुरलेलं आहे की आता हलायचं नाही, असं मला वाटतं. शिवाय बंद दारामागे रिसीव्हर तापेल, रिमोटही चालणार नाही. त्याचं काय करता?

हत्यारं: सर्क्युलर सॉ, ट्रिमर (खाचा पाडायचं छोटं यंत्र), ड्रिल, हातरंधा, पटाश्या आणि चार क्लॅम्प.

प्रतिसाद १

फळ्या वाचवताय, फार बरं वाटलं. रंधा लावण्याआधी प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवा. माळ्याच्या फळीत खिळ्याचं टोक मोडून राहिलेलं असतंच आणि ते पातं खाऊन टाकतं.

दोन कप्पे नकोत, तीन करा. ८४ इंचांचे तीन गाळे म्हणजे प्रत्येकी २८ इंचांच्या आत. गाळा दुप्पट झाला की तेवढ्याच वजनाला फळीचा झोळ आठपट होतो, आणि एलपी भलत्याच जड. फूटभर रांगेचं वजन १५ किलोच्या आसपास भरतं. रेकॉर्ड्स कडेच्या गाळ्यात, थेट तळफळीवर ठेवा आणि त्या तळाखाली मधोमध एक पाय द्या. आतली उंची १३ इंच तरी हवी.

आता चिकटवण्याचं. मुरलेलं लाकूडही पावसाळ्यात हवेतली ओल घेतं आणि उन्हाळ्यात सोडतं. लांबीत फरक जवळपास शून्य, पण रुंदीत १८-२० इंचांना मे ते ऑगस्ट चार-पाच मिलिमीटर सहज पडू शकतो. प्लाय तसं हलत नाही. दोन्ही एकजीव केलेत की फळी एक तर तडकेल, नाहीतर वाकेल. फळ्या एकमेकींना कडेने खुशाल चिकटवा, पण सांगाड्याला खालून स्क्रूने धरा: पुढचे स्क्रू घट्ट, मागच्यांना रुंदीच्या दिशेने लांबट भोक. पॉलिश वरखाली दोन्हीकडे सारखं मारा. आणि ते दसऱ्यानंतरच करा. पावसात मेलामाइन पॉलिश पांढरं पडतं.

प्रतिसाद २

सुतारकामाचं वर आलंच आहे, मी आतल्या यंत्रांचं सांगतो. १६ इंच खोली पुरणार नाही! रिसीव्हर स्वतःच १४-१५ इंच खोल असतो, मागे एचडीएमआय आणि स्पीकरच्या वायरींना वळायला आणखी दोन-तीन इंच लागतात. साडेएकोणीस करा. एका शीटमधून दोन पट्ट्या निघतील आणि उरलेल्या आठेक इंचांत मागचे आडवे आधार होतील.

रिसीव्हरच्या गाळ्याला पाठ देऊच नका. डोक्यावर निदान चार-पाच इंच मोकळी जागा हवी, कारण उष्णता वरच्या जाळीतूनच बाहेर पडते. त्यावर दुसरं काही ठेवू नका, सेट टॉप बॉक्ससुद्धा नाही. तरी तापला तर मागे १२० मिमीचा युएसबी पंखा लावा आणि तो टीव्हीच्या युएसबीला जोडा. बहुतेक टीव्हींत तो टीव्हीबरोबर चालू-बंद होतो. युनिट भिंतीपासून दोनेक इंच पुढे ठेवा, हवाही खेळेल आणि ओलही लागणार नाही.

दारांना फणसाची चौकट आणि मधे वेताची जाळी लावा. हवा जाते, रिमोटचा किरणही बहुतेक वेळा जातो. सेंटर स्पीकर मधल्या उघड्या गाळ्यात, अगदी पुढच्या कडेला आणून ठेवा, खाली रबराचे तुकडे. आत ढकललात तर माणसांचे आवाज घुमतात.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तीन गाळे, साडेएकोणीस इंच, मागची भोकं लांबट, सगळं आराखड्यात बदललं. चिकटवण्याआधी विचारलं ते फार बरं झालं. वेताच्या जाळीची कल्पना तर घरात सगळ्यांनाच आवडली. ती चौकटीत ताणून कशी बसवतात? मी फक्त खुर्च्यांवर बघितली आहे.

प्रतिसाद २

चौकटीला मागून ट्रिमरने पाच मिमीची खाच पाडा. जाळी तासभर पाण्यात भिजवा, ओली असतानाच खाचेत दाबा, वर फेविकॉल आणि वेताचीच पट्टी लाकडी हातोड्याने ठोका. समोरासमोरच्या बाजू आधी, कोपरे शेवटी. वाळताना ती आपोआप ताणते. बिजागरी लावायच्या आधी दारं दोन दिवस सपाट ठेवा, म्हणजे त्या ताणाने चौकट पिळणार नाही.