चर्चा: मध्य प्रदेशचं रोडवेज मेलं की मारलं?

गंगवालचा_प्रवासी
काल इंदूरच्या गंगवाल बसअड्ड्यावर धारच्या गाडीत पाऊण तास बसून होतो. इंजिन चालू, कंडक्टर खाली ‘धार-धार’ ओरडतोय, पण सवाऱ्या भरेपर्यंत गाडी काही हलेना. शेजारच्या आजींनी विचारलं, ‘सरकारी गाडी किती वाजता आहे हो?’ काय सांगणार!

मध्यभारत रोडवेज वगैरे जुन्या सेवा एकत्र करून १९६२ साली आपलं राज्य परिवहन निगम झालं. २००५ मध्ये, बाबूलाल गौर मुख्यमंत्री असताना, ते बंद करायचं ठरलं. इंदूरच्याच सरवटे बसअड्ड्यावर आजही महाराष्ट्राची एसटी लागते, आपल्या राज्याची गाडी नाही. १९४८ पासूनची एसटी तोटा सोसून टिकली, मग आपलंच का बुडालं? माझ्या मते बुडवलं.

डेपोचा_हिशेब
काका, आठवणी गोड असतात. कर्मचाऱ्यांचे पगार थकत होते, गाड्या जुन्या, नव्या घ्यायला पैसा नाही. अशा निगमाला आणखी किती वर्षं पोसायचं होतं? शेवटी लोकांना स्वेच्छानिवृत्ती देऊनच सुटका झाली.

मालवी_माणूस
पैसा का नव्हता, तेही बघा न. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने खाजगी परमिटं मिळणं सोपं झालं. इंदूर-भोपाळसारख्या भरलेल्या मार्गावर सगळे तुटून पडले. चार सवाऱ्यांसाठी आडगावात जायचं काम मात्र निगमाचं. मलई दुसऱ्याने खायची आणि भांडी आपण घासायची, मग तोटा नाही होणार तर काय?

डेपोचा_हिशेब
पण एसटीचं एवढं कौतुक नको. २०२१-२२ च्या संपात महिनोन् महिने ती बंद होती. जुलै २०२२ मध्ये इंदूरहून अमळनेरला निघालेली एसटी खलघाटच्या पुलावरून नर्मदेत पडली. सरकारी पाटी लागली म्हणजे सगळं आलबेल, असं नसतं.

गंगवालचा_प्रवासी
खलघाटचं दुःख आहेच. पण खाजगी गाड्या काय कमी पडतात दरीत? माझा मुद्दा हिशेबाचा आहे. तिकडे महाराष्ट्रात पंचाहत्तरी उलटलेल्यांना प्रवास फुकट आणि बायकांना अर्धं तिकीट, त्याची भरपाई सरकार एसटीला देतं. (ती वेळेवर मिळते का, हा वेगळा धागा होईल.) आमची आई एसटीने जळगावला जाते, तेव्हा राज्याची हद्द येईपर्यंत पूर्ण भाडं, पुढे शून्य. सवलत सीमेवर सुरू होते, कारण सीमेच्या अलीकडे, आपल्या राज्यात, सवलत द्यायला कुणी उरलंच नाही.

अर्धा_कप_चहा
२०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने सुगम परिवहन सेवा मंजूर केली आहे न? परत येईल सगळं.

मालवी_माणूस
नीट वाचा. गाड्या खाजगीच राहणार, सरकार फक्त देखरेख करणार. इंदूरच्या सिटी बसचा तोच साचा. वाईट आहे असं नाही म्हणत, शहरात तो चालला. पण आडगावची रिकामी फेरी कोण मारणार, ते लेखी ठरल्याशिवाय मी टाळ्या वाजवणार नाही.

डेपोचा_हिशेब
एवढं मान्य. रिकाम्या फेरीचे पैसे सरकारने किलोमीटरमागे मोजावे. त्यासाठी डेपो, मेकॅनिक, बाबू परत कशाला हवेत? आणि काका, धारला पोचलात का मग?

गंगवालचा_प्रवासी
पोचलो. आजींकडून पूर्ण भाडं घेतलं. तिकीट मागितलं तर कंडक्टर म्हणाला, ‘अम्मा, तिकीट का क्या करोगी?’