सार्वजनिक टेकडीवरची सुबाभूळ आणि घाणेरी काढायची आहे, जेसीबी लावावा की झाडांची कामं करणारे जाणकार?

पाऊलवाट_२२

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितोय. आम्ही काही जण मिळून एका सार्वजनिक टेकडीकडे लक्ष देतो, जागा सरकारी आहे पण राखण, रोपांना पाणी, आग लागली की धावपळ हे सगळं आमच्याच गटाकडे असतं. टेकडीचा निम्म्याहून जास्त भाग सुबाभळीने आणि तिच्या खाली घाणेरीने भरलाय, आत माणूस शिरू शकत नाही अशी परिस्थिती. मधे मधे जुनी देशी झाडं आहेत, पळस, बहावा, मोई, दोन मोठे उंबर, पण त्यांच्या खाली त्यांचं एक पिल्लू दिसत नाही. आता हे सगळं काढायला मंजुरी मिळालीय आणि कंत्राटदार म्हणतोय की जेसीबी आणि चेनसॉ लावतो, महिन्याभरात टेकडी साफ करून देतो. आमच्यातल्या एकीचं म्हणणं आहे की हे झाडांची शास्त्रीय काळजी घेणाऱ्या लोकांचं म्हणजे आर्बोरिस्टचं काम आहे, त्यांना बोलवा. ते महाग पडेल आणि वेळ जास्त लागेल हे उघडच आहे. मागे एका पट्ट्यात सुबाभूळ तोडली होती, तिथे आज पूर्वीपेक्षा दाट रान आहे, एकेका बुडख्याला सात आठ फांद्या. म्हणून भीती वाटते. खरंच फरक पडतो का? आणि अशा लोकांना नेमकं काय काम सांगायचं?

दोर_आणि_करवत

मी याच कामात आहे, झाडावर दोराने चढून फांद्या उतरवणं, धोकादायक झाडं काढणं, जुन्या झाडांची तपासणी. फरक पडतो, आणि तो तुमच्या त्या तोडलेल्या पट्ट्यातच दिसतोय. सुबाभूळ वरून तोडली म्हणजे मेली असं होत नाही, बुडख्यावर सालीखाली झोपलेले डोळे असतात, वरचा शेंडा गेला की ते सगळे एकदम जागे होतात आणि मुळात साठवलेलं अन्न त्यांना मिळतं. म्हणून एका खोडाची आठ खोडं होतात. तोडणं हे काम सुरू झाल्याची खूण आहे, संपल्याची नाही, आणि महिन्यात साफ करून देतो म्हणणाऱ्याला हे एकतर माहीत नाही किंवा पुढचं त्याला बघायचं नाही.

जेसीबीबद्दल स्पष्ट सांगतो, उतारावर नकोच. झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या हात-दीड हात मातीतच असतात, त्यावरून मशीन दोनदा फिरलं की माती दाबली जाते, हवा पाणी आत जात नाही, आणि तुमचा उंबर लगेच मरत नाही, तो दोन-चार वर्षांनी शेंड्याकडून वाळायला लागतो, तेव्हा कोणाला आठवतही नाही की इथून मशीन गेलं होतं. काम सुरू करायच्या आधी प्रत्येक राखायच्या झाडाभोवती आखणी करून घ्या, खोडाचा छातीच्या उंचीवरचा व्यास मोजा आणि त्याच्या बारा पट त्रिज्येचं वर्तुळ धरा. म्हणजे दीड फूट जाड खोड असेल तर अठरा फूट. त्या वर्तुळात मशीन नाही, तोडलेल्या लाकडाचा ढीग नाही, खोदकाम नाही. चुन्याची रेघ पुरत नाही, दोरी बांधा, कामगार रोज बदलतात.

आता काढायचं कसं. बोटाएवढी रोपं पावसात माती ओली असताना सोटमुळासकट उपटायची, हे कोणीही करू शकतं, तुमचा गट सुद्धा. मनगटाएवढी आणि त्याहून मोठी असतील तर जमिनीलगत सपाट कापायचं आणि बुडख्यावर लगेच तणनाशक लावायचं, किंवा औषध वापरायचं नसेल तर फुटवे येतील तेव्हा तेव्हा काढत राहायचं. उतारावर बुडखा आणि मुळं उपटू नका, मेलेली मुळं सुद्धा माती धरून ठेवतात, ती हळूहळू कुजेपर्यंत गवत आणि झुडपं तिथे बसलेली असतात.

मोठी सुबाभूळ देशी झाडाच्या अंगावर वाढलेली असते ना, तिथे आम्ही लागतो. ती एका घावात पाडली तर पडताना पळसाची अर्धी बाजू घेऊन जाते. ती वरून तुकड्या तुकड्याने दोराला बांधून उतरवावी लागते. अशी झाडं तुमच्याकडे शंभरात दहा असतील. म्हणून सगळं काम आम्हाला देऊ नका, तेवढीच द्या, आणि बाकीच्यासाठी आखणी, खुणा आणि मजुरांना दाखवून देणं एवढं घ्या. खर्च निम्म्यावर येतो.

रानहळद

वरच्या प्रतिसादाला पूर्ण सहमती. मी घाणेरीबद्दल लिहिते, कारण ती बहुतेक लोक चुकीची काढतात. वरून कोयत्याने छाटली की दाट येते, जाळली तरी परत फुटते, आणि जेसीबीने उकरली तर माती उघडी पडून तिच्याच बिया उगवतात. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी कॉर्बेटमधे जी पद्धत बसवली ती आम्ही वापरतो आणि ती चालते. झुडपाच्या बुडाशी माती जरा बाजूला केली की दिसतं, खोडं जिथे एकत्र येतात तिथे एक जाडसर गाठ असते, फुटवे येतात ते त्या गाठीतून, तिच्या खालच्या मुळातून नाही. जमिनीखाली तीन ते पाच सेंटीमीटरवर, गाठीच्या खाली, कुदळीचा एक तिरका घाव घालून मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळं आकाशाकडे. परत रुजत नाही. माती जवळजवळ हलत नाही म्हणून नवीन बिया सुद्धा कमी उगवतात. दोन जणांनी करायचं काम, एक लांब काठीने झुडूप उचलून धरतो आणि एक घाव घालतो. हातमोजे जाड घ्या, काटे बारीक असतात आणि आत मोडतात.

दुसरं, सुरुवात कुठून करायची हे कोणी बोललं नाही. सगळ्यांना वाटतं जिथे सगळ्यात दाट आहे तिथून, कारण तिथे फरक डोळ्याला दिसतो. उलट करा. ऑस्ट्रेलियात सिडनीमधे जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोघी बहिणींनी १९६० च्या दशकात हेच दाखवलं, आपल्या घराजवळच्या सार्वजनिक रानात त्या हाताने तण काढत, आणि त्यांचा नियम असा की जो तुकडा अजून चांगला आहे तिथून सुरू करून वाईटाकडे जायचं, माती कमीत कमी हलवायची, आणि देशी झाडं जेवढ्या वेगाने मोकळी जागा भरतील तेवढ्याच वेगाने पुढे सरकायचं. म्हणजे तुमच्या दोन उंबरांच्या भोवती आधी काम करा, तिथून वर्तुळ मोठं करत जा. उंबराखाली पक्षी आणि वटवाघळं बसतात, त्यांच्या विष्ठेतून बिया पडतातच, फक्त त्यांना उगवायला जागा आणि उजेड नव्हता. आमच्या इथे लागवड न करता आलेली रोपं लावलेल्या रोपांपेक्षा चांगली तगली, पाणीही लागलं नाही.

चिमणपाखरू

मला थोडं वेगळं वाटतं आणि ते मनापासून लिहितेय. मी त्या झाडीत रोज पक्षी बघते. बुलबुल, सातभाई, शिंपी, सगळे घाणेरीत घरटी करतात, मुंगूस आणि ससे तिच्या खाली लपतात. तुमच्या दृष्टीने ती परदेशी आहे पण त्यांच्यासाठी आज तेच घर आहे. आणि टेकडी एकदा उघडी झाली की सरकारी जागेवर पुढे काय होतं ते आपण सगळे बघतो, कोणीतरी राडारोडा टाकतं, कोणीतरी रस्ता काढतं. हिरवं आहे तोपर्यंत ती जागा निदान वाचलेली आहे. काढायलाच हवं का?

रानहळद

@चिमणपाखरू ताई, तुमचं म्हणणं अगदी खरं आहे आणि म्हणूनच एका महिन्यात टेकडी साफ करणं मला मान्य नाही. घरट्यांच्या हंगामात हात लावायचा नाही, आणि एका वर्षी एकच पट्टा, तोही शेजारचा पट्टा तसाच दाट ठेवून, म्हणजे पाखरांना सरकायला जागा राहते. पण काहीच केलं नाही तर जे म्हातारे पळस आज उभे आहेत त्यांच्यानंतर पळस नाही. घाणेरीच्या खाली देशी रोप उजेडावाचून मरतं, आणि उन्हाळ्यात तीच वाळकी झुडपं आगीला जमिनीवरून फांद्यांपर्यंत चढवतात. राड्यारोड्याची भीती मलाही आहे. साफ केलेल्या पट्ट्यावर त्याच पावसाळ्यात गवत आणि झुडपं दिसली पाहिजेत, उघडी माती नको. तुम्ही घरटी कुठे आहेत ते गटाला नकाशावर दाखवाल का? ते माहीत असलेलं माणूस कामाच्या वेळी जागेवर हवंच.

चिमणपाखरू

हो, दाखवीन. पट्ट्यापट्ट्याने होणार असेल तर माझा विरोध नाही.

निविदाकार

मी अशा कामांची कागदपत्रं बघतो म्हणून एकच मुद्दा लिहितो पण तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. पैसे कशाचे देताय ते बघा. बहुतेक कंत्राटात दर असतो साफ केलेल्या क्षेत्राचा किंवा उचललेल्या लाकडाचा. मग कंत्राटदार मोठी खोडं आधी घेतो कारण त्यात वजन, बारीक रोपं सोडतो कारण त्यात काहीच नाही, आणि परत येत नाही. दक्षिण आफ्रिकेत १९९५ मधे सरकारने पाणलोट क्षेत्रातली परदेशी झाडं काढायचा मोठा कार्यक्रम सुरू केला, वर्किंग फॉर वॉटर, कारण ती झाडं नद्यांचं पाणी ओढत होती, बेरोजगार लोकांना त्यात काम दिलं. त्यांच्या आखणीत पहिली तोड आणि त्यानंतरच्या फेऱ्या हे सुरुवातीपासून वेगवेगळे टप्पे आहेत, कारण एकदा तोडून पुढच्या फेऱ्या चुकल्या तर पहिल्या तोडीचा पैसा वाया जातो.

तुम्ही पण तसंच लिहून घ्या. पहिल्या तोडीला एकूण रकमेचा अर्धाच भाग द्या, बाकीचा पुढच्या तीन वर्षांच्या फेऱ्यांना, आणि प्रत्येक फेरीनंतर जागेवर जाऊन दोन गोष्टी मोजायच्या, किती बुडखे जिवंत आहेत आणि राखायच्या झाडांपैकी कोणाला इजा झाली का. झाडाला इजा झाली तर दंड किती हे आकड्यात लिहा, "काळजी घ्यावी" असं वाक्य लिहून काही होत नाही. सुबाभळीच्या बिया मातीत दहा वर्षांहून जास्त टिकतात, त्यामुळे तीन वर्षांनंतरचं काम तुमच्या गटाच्या हातात येणार हे पण आत्ताच ठरवून ठेवा.

पाऊलवाट_२२

सगळ्यांचे मनापासून आभार, आज गटाच्या बैठकीत हे वाचून दाखवणार आहे. @दोर_आणि_करवत दादा, दोन प्रश्न राहिले. एक म्हणजे औषध लावायला काही जण तयार नाहीत, खाली विहीर आहे. दुसरं, कोणीतरी सुचवलं की तोडायचंच नाही, फक्त गोल साल काढायची आणि झाड उभ्या उभ्या वाळू द्यायचं, त्याने काम होतं का?

दोर_आणि_करवत

विहीर जवळ असेल तर तुमच्या लोकांचं बरोबर आहे, त्या बाजूला औषध नकोच, फुटवे काढायची फेरी ठेवा. फेरी कधी, तर फुटवा पूर्ण पानात आला की लगेच, तेव्हा मुळातला साठा पानं बनवण्यात खर्च झालेला असतो आणि पानांनी अजून परत भरलेला नसतो. उशीर केला तर पानं मुळाला परत खायला घालतात. बाकीच्या भागात औषध वापरणार असाल तर फवारा नाही, ब्रशने, आणि बुडख्याच्या सगळ्या तोंडावर नाही. कापल्यावर नीट बघा, सालीच्या लगेच आत एक ओलसर पातळ कडं दिसतं, जिवंत भाग तेवढाच, मधलं लाकूड औषध कुठे नेत नाही. त्या कड्यावर लावायचं, आणि कापल्यापासून काही मिनिटांत, कारण झाड तोंड बंद करतं. म्हणून करवतवाला आणि ब्रशवाला जोडीने चालले पाहिजेत. कुठलं औषध कोणाला वापरायची परवानगी आहे हे नियम आधी बघून घ्या, परवाना असलेल्या माणसाकडूनच करा.

साल काढण्याचं म्हणाल तर काही झाडांवर ते फार चांगलं चालतं. निलगिरी डोंगरांच्या पट्ट्यात, केरळमधल्या वायनाडला पसरलेलं पिवळ्या फुलांचं परदेशी झाड, सेन्ना स्पेक्टाबिलिस, तोडलं की भरमसाट फुटतं, तिथे जमिनीपासून छातीच्या उंचीपर्यंत पूर्ण साल सोलायची पद्धत सुचवलीय. अरुंद पट्टी काढली किंवा बोटभर साल जरी जोडलेली राहिली तरी झाड तिथून पूल बांधून वाचतं. सुबाभळीला सोललेल्या भागाखालून फुटवे येतातच, ते काढायला यावंच लागेल. फायदा असा की सावली एकदम जात नाही, पानं हळूहळू गळतात, खालच्या देशी रोपांना अचानक कडक ऊन लागून त्यांची साल भाजत नाही.

पण पायवाटेजवळ हे अजिबात करू नका. वाळलेलं उभं झाड कधी फांदी टाकेल सांगता येत नाही, आणि वाळल्यावर त्यावर आम्ही चढू पण शकत नाही, लाकडाचा भरवसा नसतो. पायवाट, बाक, कुंपण, यांच्यापासून झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतरात जे असेल ते जिवंत असतानाच कापून उतरवा. साल काढायची ती आतल्या भागात, लोक जात नाहीत तिथे. तिथली वाळकी खोडं उभीच राहू द्या, सुतार पक्षी आणि पिंगळे ढोलीला वापरतात, चिमणपाखरू ताईंना विचारून ठरवा कुठली ठेवायची.

एक राहिलं. शेंगा तपकिरी व्हायच्या आधी काम करा. एका शेंगेत पंधरा-वीस बिया, आणि वाळक्या शेंगांची फांदी ओढत नेली की वाटभर पेरणी होते. शेंगा आल्याच असतील तर त्या फांद्यांचा भुगा करून झाडांच्या आळ्यात टाकू नका, ताडपत्रीवर वेगळ्या काढा. आणि कंत्राटदाराची गाडी जागा सोडताना टायर आणि मशीनची पाती जागेवरच झाडून घ्या, नाहीतर तुमची सुबाभूळ त्याच्या पुढच्या कामावर उगवेल, आणि त्याच्या आधीच्या कामावरचं काहीतरी तुमच्याकडे आलेलं असेल. बैठकीचं काय ठरलं ते कळवा, पहिल्या आखणीला मी येऊन झाडांवर खुणा करून देतो.